बंद घरांची मावशी

मावशी कोणाच्याही घरी गेल्या की चपला काढता काढताच वास घ्यायच्या. नाक किंचित वर, डोळे मिटलेले. मग घरच्या बाईला सरळ सांगायच्या, "तुझ्या आतल्या कपाटात बुरशी आहे हं." तुम्ही त्यांना पहिल्यांदा पाहिलं असतंत, तर आगाऊ म्हणाला असतात. मीही म्हणाले होते, मनातल्या मनात.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमधला आमचा तो पहिलाच पावसाळा. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. नवऱ्याला हॉस्पिटलात नोकरी होती आणि मी मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. घेऊन घरात बसले होते. अर्ज करायचे, गोड शब्दांत नकार यायचे. पुण्यातला अनुभव इथे कोणी धरत नव्हतं. मावशी तीन घरं सोडून राहायच्या. वसईच्या, ख्रिश्चन, साठीला टेकलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक मेलबर्नला. त्या दिवशी पहिल्यांदाच चहाला आल्या, वास घेतला आणि मला कपाट उघडायला लावलं. माझ्या लग्नाच्या शालूवर पांढरे ठिपके पडले होते. मी तिथेच खाली बसून रडायला लागले.

"रडतेस काय? उठ. सावलीत पसर आधी," त्या म्हणाल्या. स्वतःच्या घरी जाऊन एक छोटा विजेचा दिवा घेऊन आल्या आणि कपड्यांना लागणार नाही असा कपाटाच्या तळाशी बसवला. "हा चालू ठेव. कपाटालाही ऊब लागते."

त्यांचा धंदाच तो होता. डिसेंबरात इथला पावसाळा लागला की इथली कितीतरी माणसं घराला कुलूप लावून दक्षिणेला जातात, ती पाऊस ओसरल्यावर परततात. तोवर बंद घरात बूट हिरवे होतात, गाद्यांना वास मारतो, पुस्तकांची पानं चिकटतात. मावशी आठवड्यातून दोनदा अशा घरांत जायच्या. खिडक्या उघडायच्या, पंखे लावायच्या, गाद्या उभ्या करायच्या, कपाटं व्हिनेगरने पुसायच्या. "लोकांना जे काम नकोसं वाटतं ना, ते माझं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हा त्यांचा पहिला उद्योग नव्हे. हॉस्पिटलच्या किचनमधली नोकरी सोडल्यावर त्यांनी लोकांचे कुत्रे फिरवायला घेतले होते. तीन दिवस टिकलं, कारण त्या कुत्र्यांना भ्यायच्या. मग लग्नाचे केक. नोव्हेंबरच्या उकाड्यात तीन मजली केक गाडीतून न्यायला निघाल्या. "चर्चच्या दारात पोचेपर्यंत वरचा मजला खालच्या मजल्यावर राहायला आला होता," हे सांगताना त्या इतक्या हसायच्या, की केक आपलाच होता हे विसरल्यासारख्या.

"तू बुरशी शिकलीयस ना? मग चल माझ्याबरोबर," एक दिवस त्या म्हणाल्या.

मला खरं सांगायचं तर लाज वाटली. एम.एस्सी. होऊन लोकांची कपाटं पुसायची? आईला पत्रात काय लिहू? मी तसं बोलूनही दाखवलं.

"लाज घरी दोरीवर टाकून ये," मावशी म्हणाल्या. "तिलाही जरा हवा लागू दे."

मी गेले. अकरा घरं होती. पुढच्या पावसाळ्यात वादळाचा इशारा आला, तेव्हा आम्ही दोघी सकाळपासून दुपारपर्यंत त्या अकरा अंगणांतल्या खुर्च्या, कुंड्या, सायकली आत ओढत होतो. वादळ समुद्रावरूनच वळलं, पण पाऊस छप्पर फोडल्यासारखा पडला. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त नर्सच्या घरी गेलो, तर छतातून गळलेलं पाणी कपाटात उतरलं होतं. खालच्या खणात फोटोंचा अल्बम पाण्यात होता.

मावशींनी त्या नर्सला ॲडलेडला फोन लावला. ती बाई सवयीने "नो वरीज" म्हणाली. मग हळूच तिने सांगितलं, सत्तरच्या दशकातल्या मोठ्या वादळात त्यांचं अख्खं घर उडून गेलं होतं. चिखलात हा एक अल्बम सापडला. आता नवराही नाही.

फोन ठेवून मावशी अल्बमजवळ खाली बसल्या. मग एक फोटो दुसऱ्यापासून सोडवायला त्यांनी हात पुढे केला.

"थांबा! ओढू नका," मी ओरडलेच. "वरचा थर निघून येईल. गार, स्वच्छ पाणी हवंय."

पुढचे दोन दिवस ते घर आमचं होतं. तसराळ्यांतून पाणी, एकेक फोटो अलगद सुटा करणं, जमिनीवर पसरलेल्या पांढऱ्या चादरी, मंद पंखे. मी सांगायचे आणि मावशी करायच्या. चार फोटो गेले. बाकी सगळे वाचले, ते आम्ही नव्या अल्बममध्ये लावले.

ती नर्स परत आली, जमिनीवर बसली आणि पानं उलटत राहिली. कितीतरी वेळाने उठून तिने मावशींना मिठी मारली. मावशींनी तिला खांद्याला धरून माझ्याकडे वळवलं. "नॉट मी, डार्लिंग. धिस वन. शी इज द सायंटिस्ट."

या देशात मला तसं म्हणणारं ते पहिलं माणूस.

आठवडाभराने वाण्याच्या दुकानातल्या फलकावर इंग्रजीत एक कार्ड दिसलं : 'फोटो भिजले? रडू नका. फोन करा.' खाली माझा नंबर. अक्षर मावशींचं, आणि मला एका शब्दाने विचारलेलं नाही. फोन मात्र येत गेले. आधी फोटो, मग ओली पुस्तकं, मग एका कचेरीचे जुने नकाशे.

"आता तू वेगळी हो," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला माझी मदत नको का?"

"हवीय ना. म्हणूनच सांगते, लवकर जा. नाहीतर मी तुला सोडायची नाही."

अजून मी तेच काम करते. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जागेत.

दशक संपता संपता गुडघ्यांनी त्रास दिला, आणि लेकीने मावशींना मेलबर्नला नेलं. दोन वर्षांतच त्या गेल्या. मी विमान पकडून गेले. चर्चमध्ये लेक मला म्हणाली, "यातले निम्मे लोक कोण आहेत, मला माहीतच नाही. सगळे म्हणतात, ममाने आम्हाला धंदा काढून दिला."

बाहेर आले तर रस्त्याच्या कडेला त्या लोकांच्या गाड्या उभ्या होत्या. एका व्हॅनवर हाताने रंगवलेलं 'पडदे धुऊन मिळतील', दुसरीवर 'चाकूंना धार', तिसऱ्या, पोचे आलेल्या गाडीच्या दारावर नुसता एक फोन नंबर. शवपेटीची गाडी निघाली. त्या तिन्ही गाड्यांनी, इथे अंत्ययात्रेत लावतात तसे, भर दुपारी दिवे लावले आणि हळूहळू तिच्या मागे निघाल्या.