दवाखान्याच्या कुंपणाला लागून

घर हलवण्यात हंदचा हात धरणारं त्या खोऱ्यात कोणी नव्हतं. नवरा गेल्यावरही वर्षातून चार वेळा, गवताचा अंदाज घेऊन, ती लोकरीच्या जाड नमद्याचा गोल तंबू मोडायची आणि दुसरीकडे उभारायची.

या वसंतात मात्र तिचं लक्ष गवताकडे नव्हतं. सून यंजमाला सातवा महिना लागला होता. पाय सुजलेले, डोकं सारखं ठणकत होतं. पलीकडच्या तळावरची एक पोर अशीच सुजली आणि बाळासकट गेली, ते हंदने पाहिलं होतं.

तालुक्याचा दवाखाना मोटारसायकलवर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पहिल्यांदा गेले तेव्हा डॉक्टरीणबाई राजधानीला प्रशिक्षणाला गेलेल्या. दुसऱ्यांदा धुळीचं वादळ झालेलं, वीज नव्हती. तिसऱ्यांदा नर्सने रक्तदाब मोजला आणि तिचा चेहराच उतरला.

“हा रोज बघायला हवा. गोळ्या देते, पण इथेच राहा.”

“राहू की. कुठे?” हंदने विचारलं.

“गरोदर बायकांसाठी खोली आहे. पण छप्पर उडालंय, म्हणून कुलूप लावलंय.”

“छप्पर नाही त्या खोलीला कुलूप! चोर काय दारातून येणार होता?”

संतापून घरी परतली, तर दारात जनावरांचा डॉक्टर. गाडी, सुया, लशींची बर्फाची पेटी, सगळं घेऊन.

“काकू, एकही शेळी चुकवायची नाही, वरून हुकूम आहे.”

“आणि सुनांबद्दल काय हुकूम आहे?”

“माझ्याकडे शेळ्यांचंच खातं आहे, काकू,” तो ओशाळून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हंदने तंबूच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. मुलगा चुलुन धावत आला.

“आई, शेळ्या वितायत! दवाखान्याकडे गवताची काडी नाही. करडं मरतील.”

“मरतील काही. तू भिंती उतरव.”

शेजाऱ्याच्या ट्रकवर घर लादलं. दवाखान्याच्या कुंपणाला लागून हंदने तंबू ठोकला, आणि यंजमाचा रक्तदाब रोज मोजला जाऊ लागला. शेळ्यांनी पहिल्याच आठवड्यात तालुकाप्रमुखांनी लावलेल्या रोपांचा फडशा पाडला. तालुक्याचा कारभारी तणतणत आला.

“आजी, गावाच्या हद्दीत कळप चालत नाही!”

“चहा घे आधी. ओरडून घसा सुकला असेल.”

चहा नाकारता येईना. प्याला, आणि पुन्हा ओरडून गेला.

एका सकाळी नर्स यंत्राकडे बघून डॉक्टरीणबाईंना बोलवायला पळाली. यंजमाला ताबडतोब जिल्ह्याला न्यायचं ठरलं. रुग्णवाहिकेत पेट्रोल नव्हतं! हंदने कारभाऱ्याच्या घराचं दार बडवून त्याच्या जीपमधलं काढायला लावलं. तो पुटपुटत नळी शोधत होता आणि ही बाहेर उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याहून चुलुनचा फोन आला. मुलगी झाली होती. मांजराच्या पिलाएवढी, काचेच्या पेटीत. पण दोघी जिवंत होत्या. हंदने लाडू-पेढ्यांच्या जागी वाळलेलं दही साऱ्या दवाखान्यात वाटलं. तोवर अर्धी करडं गेली होती.

कारभारी पुन्हा आला. “आजी, अभिनंदन. आता तरी तंबू हलवा.”

“त्या खोलीचं छप्पर कधी होतंय?”

“प्रस्ताव वर पाठवलाय.”

हंदने चुलीत वाळलेलं शेण सारलं. “कालच एक सुजलेली पोर मोटारसायकलवरून आली. ती माझ्या अंथरुणावर निजलीय, हळू बोल. छप्पर झालं की कळव, मी त्याच दिवशी उठते.”