तिसऱ्या पाठाच्या पाच तारखा

वडनेर भोलजीत भालचंद्र सरांना पोरं मागून ‘कशावरून सर’ म्हणत. तालुक्याच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. मुलानं काहीही सांगितलं, अगदी शेजारच्यानं पेन घेतलं असं सांगितलं, तरी सरांचा प्रश्न ठरलेला होता, “कशावरून?”

वर्गात सत्तर पोरं असायची. कोणाला कळलं आणि कोणी नुसती मान हलवली, हे समजायचं नाही. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी घरी शिकवणी सुरू केली ती एका वेळी एकाचीच. संध्याकाळी पाच ते सहा, समोर एक खुर्ची, पुस्तक मिटलेलं. पाठ तोंडी व्हायचा, मग उलटतपासणी. मुलाला समजलं अशी खात्री पटली की सर आपलं पुस्तक उघडत आणि पाठाच्या शेवटी समासात लाल पेननं मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि तारीख लिहीत. तारीख पडल्याशिवाय पुढचा पाठ नाही. त्या समासात आता जुन्या विद्यार्थ्यांची दाटी झाली होती.

त्यांच्या पत्नी सुलभाताई हे सगळं अकरा वर्षं स्वयंपाकघरातून ऐकत आल्या होत्या. कोणत्या पाठात सर कुठे थांबतात, कुठे विनोद करतात, त्यांना पाठ होतं. गेल्या दिवाळीपासून दुसरंही काही त्यांच्या लक्षात येऊ लागलं होतं. सर बँकेत जाऊन आले आणि तासाभरानं पुन्हा निघाले. शेजाऱ्याच्या बारशाला जेवून आले आणि बारसं कधी आहे, म्हणून विचारलं. पुण्याच्या मुलाला, सोहमला, सुलभाताईंनी फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “वय झालंय आई, चालायचंच.” त्यांनीही ते पटवून घेतलं.

मे महिन्यात गाद्या भरणारा अब्दुल गनी आला. तो सरांचाच जुना विद्यार्थी. त्याची मलिहा दहावीला गणितात ब्याऐंशी आणि सामाजिक शास्त्रात एकोणतीस घेऊन बसली होती. जुलैतल्या फेरपरीक्षेत हा एक विषय निघाला तरच तिला पॉलिटेक्निकला अर्ज करता येणार होता, नाहीतर वर्ष गेलं. सर घरात नव्हते. “पाठव,” सुलभाताईच म्हणाल्या. शिकवणी सुरू झाली की डोकं चालतं राहील, असं त्यांना वाटलं.

पहिले दोन पाठ नीट झाले. जूनच्या दोन तारखेला सरांनी तिसरा घेतला. इतिहासाचा रोजच्या जगण्यात उपयोग काय, हा तो पाठ. तीन तारखेला त्यांनी पुन्हा तिसराच घेतला. उजळणी असेल, सुलभाताईंनी मनाशी म्हटलं. चार तारखेला लोणारच्या देवळांचा तोच दाखला आला, त्याच जागी तोच विनोद आला, आणि मलिहा त्याच जागी हसली. पाच तारखेलाही हसली. सहा तारखेला सुलभाताईंनी तिला फाटकाशी गाठलं.

“हा पाठ कितव्यांदा, गं?”

“पाचव्यांदा, काकू.”

“मग सांगितलं नाहीस त्यांना?”

मलिहा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “सरांले कसं सांगू मी? अब्बा म्हणतात, सर बोलून राह्यले का मधात तोंड घालायचं नाही. अन् काकू, ते दररोज नवीनच सांगितल्यासारखं सांगतात.”

“अजून किती पाठ राहिलेत?”

“इतिहासाचे सहा. नागरिकशास्त्र अन् भूगोल तर हातच नाही लावला.”

पेपरला महिनाही उरला नव्हता. सुलभाताई आत आल्या. सर पेनाला टोपण लावत होते.

“आज काय झालं?” सुलभाताईंनी विचारलं.

“तिसरा पाठ. हुशार आहे पोरगी. एकदा सांगितलं की धरते.”

“एकदाच सांगितलंत, कशावरून?”

सर हसले. त्यांचा प्रश्न त्यांना कोणी विचारत नसे. सुलभाताईंनी पुस्तक उघडून पुढे ठेवलं. समासातल्या दाटीत ‘म’ पाच वेळा होता, जुन्या अक्षरांत मिसळलेला, पाच तारखांसह. सरांनी चष्मा पुसला. पान खिडकीकडे धरलं. सहामाहीचे पेपर तपासावेत तसं त्यांनी ते शेवटपर्यंत तपासलं.

“अक्षर माझंच आहे,” ते म्हणाले. “तुला कधीपासून माहीत आहे?”

“दिवाळीपासून.”

“आणि गनीला तू हो म्हणालीस.”

सरांनी त्या पाच तारखांखाली लिहिलं, ‘शिकवणी बंद. स्मरण राहत नाही.’ तारीख घातली, पूर्ण सही केली आणि चपला घातल्या.

दुकानात गनी रजईला टाके घालत होता. तो घाईनं उठला. “उद्यापासून पोरीला पाठवू नको,” सर म्हणाले.

“काऊन सर? चुकली का काही?”

“ती नाही, मी चुकतोय. पाच दिवस वाया घालवले तिचे. नांदुऱ्याला क्लास बघ, उद्याच.”

“सर, मी तं तुमच्याच हातचा...”

“तू माझ्याच हाताखाली दोनदा नापास झालास, गनी.”

गनी हसला, आणि मग हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

मलिहा नांदुऱ्याला जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता सरांनी खुर्ची मांडली. “पोरगी आली नाही अजून,” ते म्हणाले. सुलभाताईंनी पुस्तक आणून पान दाखवलं. ते वाचून सरांनी खुर्ची उचलली. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. मग ते रोजचंच झालं. वाचून होईपर्यंत सुलभाताई त्यांच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, कारण दररोज त्यांना ते पहिल्यांदाच कळत होतं.

जुलैअखेर निकाल लागला. मलिहा अडतीस गुण मिळवून सुटली. पेढे घेऊन आली ती नेमकी पाच वाजता. सरांनी खुर्ची मांडलेलीच होती.

“बस,” ते म्हणाले. “आज तिसरा पाठ.”

सुलभाताई पुस्तकाकडे वळल्या. मलिहानं त्यांच्याकडे बघून ‘नको’ अशी मान हलवली, पेढ्यांचा पुडा मांडीवर ठेवला आणि ती बसली. लोणारचा दाखला आला. ती हसली. उलटतपासणीत एकही उत्तर चुकलं नाही. सर खूश झाले, त्यांनी लाल पेन काढलं आणि तारीख घालायला स्वतःच पुस्तक उघडलं.

पेन समासावर थांबलं. सरांनी सही वाचली, वरच्या पाच तारखा वाचल्या, मग समोरच्या मुलीकडे पाहिलं.

“तुला हे माहीत होतं?”

“हाव, सर.”

त्यांनी तारीख घातली नाही. पेनाला टोपण लावलं, उठले आणि खुर्ची उचलून ठेवायला मलिहा तिच्यावरून उठायची वाट बघत उभे राहिले.