आडात ओतलेलं पाणी

आडातून पाणी काढणारी माणसं मी जन्मभर बघितली. आडात पाणी ओतणारा माणूस एकच बघितला, आणि तो माझा बाप निघाला.

चैत्रातली दुपार होती. चिंचवड गावाच्या टोकाला, पवनेच्या उतारावर आमचं तीन खोल्यांचं कौलारू घर होतं. मी ओटी सारवून शेणाचे हात धुवायला परसात आले, तर वडील धोतर वर खोचून आडाच्या काठावर उभे. खांद्यावरची कावड खाली टेकवलेली, आणि हातातली घागर आडात उपडी करत होते. खाली पाणी पडल्याचा धो-धो आवाज आला. मला वाटलं, उन्हानं यांचं डोकं फिरलं.

वडील शाळामास्तर. खोटं बोललेल्या पोराला त्यांच्याकडे माफी नव्हती. छडीनं हात लाल व्हायचे. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला देहूपर्यंत पायी जाऊन येणार, आणि दुधात पाणी घालतो म्हणून गवळी बदललेला माणूस. तो भर दुपारी चोरासारखा इकडेतिकडे बघत कोरड्या आडात नदीचं पाणी ओततोय! मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले.

"बघत काय उभी राहिलीस? घागर घे आणि चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

हे सगळं घर विकण्यासाठी चाललं होतं. थोरला भाऊ पुण्याला छापखान्यात लागला होता. त्यानं तिथे दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, पण चिंचवडचं घर विकलं तरच त्या मिळणार होत्या. आणि मला त्या खोल्या हव्याच होत्या, कारण तिथे मुलींचं हायस्कूल होतं. मी सातवी पास होऊन घरी बसले होते. मावशीनं रावेतचं एक स्थळ आणलं होतं, तिशी उलटलेला बिजवर. आईनं मला स्पष्टच सांगितलं होतं की अक्षयतृतीयेपर्यंत घर गेलं तर तू शाळेत, नाही गेलं तर रावेतला. म्हणजे त्या घराला गिऱ्हाईक मिळण्यावर माझा सगळा जन्म टांगलेला. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडत होते.

गिऱ्हाइकं आली नव्हती असं नाही, दोन येऊन गेली होती. पिंपरीला मोठी कंपनी उभी राहत होती, कुठकुठल्या गावची माणसं कामाला येत होती, आणि सगळ्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं. पण घर बघून झालं की दोघेही परसात गेले, आडात वाकले आणि खडा टाकला. खडा खाली कातळावर टण्णकन वाजला. बस्स, तिथेच सौदा संपला. आमचा आड होळीनंतर आटायचा तो थेट पावसाळ्यापर्यंत. आम्ही नदीवरून पाणी आणायचो, त्याचं आम्हाला काही वाटत नव्हतं. विकत घेणाऱ्याला वाटतं.

म्हणून तिसऱ्या वेळेला आम्ही कंबर कसली. आईनं भिंतींना नीळ घालून चुना दिला. माजघरातल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर होती, तिच्यापुढे धान्याची कणगी सरकवली. ढेकणांची बाज शेजारणीच्या गोठ्यात नेऊन टाकली. कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीत वडिलांनी स्वतः गोडं तेल सोडलं. इतकं मी समजू शकत होते. पाहुणे येणार म्हटलं की घर आवरतंच कुणीही. पण आड भरायचा? तेही माळ घातलेल्या माणसानं?

भरला. आई, वडील आणि मी. नदी परसामागे दोनशे पावलांवर होती. गाव दुपारचं झोपलं होतं, कुत्रीसुद्धा सावलीला पडली होती. किती खेपा झाल्या देव जाणे. माझ्या मानेत दोन दिवस कळ होती. आडाच्या तळाला कातळ होता म्हणून गुडघाभर पाणी कसंबसं साठलं. वरून बघितलं की चकाकत होतं. मला वाटलं, वडील आता तरी हसतील. ते हातपाय धुऊन देवापुढे बसले, पण त्यांनी पोथी काही उघडली नाही.

दिवस कलला तसं गिऱ्हाईक आलं. कंपनीतला फिटर आणि त्याची बायको, एवढंच आईला आणि मला माहीत होतं. माणूस उंच, खाकी पँटीतला. मागे त्याची बायको, पस्तिशीची असेल, डोक्यावरून पदर, हातभर हिरव्या बांगड्या. जुन्नरकडची, बोलणं अगदी आपलं गावाकडचं. आई कौतुकानं पुढे झाली होती, तेवढ्यात त्या माणसानं वडिलांना हात उचलून सलाम केला. मुसलमान होते. आई होती तिथूनच मागे फिरली.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. लाज वाटते, पण सांगते. ओटीवरच्या कोनाड्यात एक कानतुटका कप पालथा घातलेला असायचा. तो 'इतरांचा'. अमुक जातीचं, अमुक धर्माचं कुणी आलं की त्या कपात चहा, आणि पाणी मागितलं तर वरून ओंजळीत. कप ज्यानं त्यानं विसळून परत ठेवायचा. यात काही वावगं आहे असं आमच्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं. गावात घरोघरी तसंच होतं.

आईनं मला खुणेनं कोनाडा दाखवला. मी कप घ्यायला निघाले तर वडील स्वयंपाकघरात आले. गिऱ्हाईक कोण ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. खालच्या आवाजात म्हणाले, "आज तो कप नको. पितळेचा तांब्या दे, हातात दे. घर दाखवायचं तर नीट दाखवू."

आईचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवशीचा तो दुसरा धक्का. माझ्या आईच्या माहेरचा तांब्या, ज्याला मी पारोशानं शिवले तरी बोलणी खायची, तो तिनं मुकाट्यानं माझ्या हातात दिला.

घर त्यांना आवडलं. बाई चुन्याच्या भिंतीवरून हात फिरवत होती, चुलीपाशी थबकली, खिडकीतून नदीकडे बघितलं. मग व्हायचं तेच झालं. ती म्हणाली, तहान लागलीय, आडाचंच द्या ताजं.

मी पोहरा सोडला. बुडाला, भरला, वर आला. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच पोहऱ्यात काहीतरी चमकलं. बोटाच्या पेराएवढा मासा होता, नदीतला, आमच्याच घागरीतून आलेला. गोल गोल फिरत होता.

बाई गं! जन्मात कधी मासळीला हात लावला नव्हता मी. पण हात आपोआप पोहऱ्यात गेला, मासा पकडला आणि मूठ मिटली. दुसऱ्या हातानं तांब्या भरून तिच्यापुढे धरला. तिनं आधी तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. क्षणभर तिला घ्यावा की नाही कळेना. मग तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, ओठाला लावला आणि घटाघटा प्याली.

पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "पोरी, आडाला पानी बारमाही हाय?"

वडील बाजूलाच उभे होते. मला वाटलं, आता ते खरं सांगतील. त्यांनी माळेला हात लावला आणि खाली मातीत बघत राहिले. म्हणजे उत्तर माझ्यावर आलं. मुठीत मासा तडफडत होता, डोळ्यांपुढे रावेतचा बिजवर होता.

"हो," मी म्हटलं. "बारा महिने."

घर विकलं गेलं. ते दोघं गेले, त्यांची पाठ वळली आणि आईनं तांब्या चिमट्यानं उचलून चुलीतल्या विस्तवात घातला. लाल होईपर्यंत ठेवला. मग तो चिंचेनं आणि राखेनं घासायचं काम माझं. मी खसाखसा घासला, वर गाणंही गुणगुणत होते, कारण मला शाळा मिळाली होती. वडील दारातून बघत होते. त्यांनी अडवलं नाही. बुडाला एक काळा डाग राहिला, तो काही केल्या निघाला नाही. मासा कधी मेला मला कळलंच नाही. हात धुताना खवला निघाला.

पुण्याला आलो. मी हायस्कुलात गेले, पहिल्या बाकावर बसले, रावेतचं नाव कुणी काढलं नाही. पुढच्या वर्षी चैत्रातच वडिलांना जुन्या ट्रंकेत घराचा एक कागद सापडला, तो नव्या मालकाकडे द्यायला हवा होता. ते स्वतः जायला तयार होईनात. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणे. देहूला जाताना दुखत नव्हते! शेवटी भावाबरोबर मी गेले. भाऊ स्टेशनाजवळ मित्राकडे थांबला आणि मी एकटी घराकडे गेले.

उतारावर ती दिसली. डोक्यावर दोन घागरी, कमरेवर तिसरी, पदर भिजून अंगाला चिकटलेला. नदीवरून येत होती. मला तोंड लपवावंसं वाटलं. पण तिनं ओळखलं, हसली, म्हणाली, "आगं मास्तरांची पोर न्हवं तू? ये, ये." घरात नेलं. भिंतीची चीर आता उघडी होती, तिच्यात तिनं मातीचा लेप भरला होता. मी कागद दिला. शिव्या ऐकायची तयारी करून आले होते. तिनं मला गूळ-शेंगदाणे दिले. ते जास्त लागलं.

मला राहवेना. म्हटलं, आडाचं मी तुमच्याशी खोटं बोलले.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मुठीत मासळी धरून बोललीस. पोहऱ्यात म्या आधीच बघितली व्हती."

मी चाटच पडले. वर्षभर मी ज्या खोट्याखाली दबले होते ते तिला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. मी कसंबसं विचारलं, मग घर घेतलंत कशाला?

तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली, वाळत घातली. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"त्या आठवड्यात सात घरं हिंडलो आमी. आकुर्डीत हिंडलो, तळवड्यापातूर गेलो. समद्यांनी पानी वरनं वतलं, ओंजळीत. एकीनं तर कुत्र्याच्या वाडग्याजवळ बशी ठेवली. तुमच्या घरी तू तांब्या हातात दिलास, घरातल्या चांगल्या पितळेचा. मी यांना वाटंतच म्हनलं, हेच घर घ्यायचं. पानी काय, डोक्यावर आनता येतं."

हातातला गुळाचा खडा मी खाली ठेवला. ती बोलतच होती. जुन्नरला माहेरी जाईल तिथे सांगते म्हणाली, की चिंचवडात असं एक मास्तराचं घर होतं. तुझ्या आईला माझा सलाम सांग म्हणाली. मी नुसती मान हलवत होते. माझ्या नाकात चुलीतल्या तापल्या पितळेचा वास भरला होता.

मी उठले, तिची रिकामी घागर घेतली आणि नदीवर गेले. ती नको नको म्हणत मागे आली. दोन खेपा टाकल्या. तिसरीला तिनं माझ्या हातातून घागर काढूनच घेतली, म्हणाली, शिकनाऱ्या पोरीचं काम न्हाई हे.

पुढे मी मास्तरीण झाले, छत्तीस वर्षं पोरींना शिकवलं. खोटं बोललेल्या एकाही पोरीला मी कधी छडी मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार? आईला मी सलाम सांगितला तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तो तांब्या मात्र त्या दिवशी तिनं फळीवरून काढला आणि ट्रंकेत तळाशी ठेवून दिला.

त्या बाईकडे मी नंतरही जात राहिले, तिच्या नातवंडांच्या बारशांपर्यंत. दर वेळी ती कुणाला तरी माझी ओळख करून द्यायची, तांब्या हातात देणाऱ्या घरातली पोर म्हणून. दर वेळी मी ठरवून जायची, आज सांगायचंच. पाण्यातलं खोटं तिनं ओळखलं होतं. तांब्याचं तिला कुणी सांगितलं नाही. ती गेली, आणि मी सांगितलं नाही.