माझी बोगस गोळी

आधी चहाचा घोट घेऊन टाका. मी जे सांगणार आहे ते ऐकताना तो नाकातून बाहेर आला तर मला बोल लावू नका. आमच्या बाभुळगावात एकापेक्षा एक फजित्या झालेल्या आहेत, पण यवतमाळच्या दवाखान्यात, भरल्या सभेत, स्वतःच्या तोंडाने स्वतःची वरात काढणारा मी पहिलाच!

ते दिवस कापसाचे फार वाईट होते. ज्याला भेटावं त्याच्या तोंडी एकच शब्द. बोगस! बोगस बियाणं, बोगस खत, बोगस औषध. मी शेती खात्यातून पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालेलो. त्यामुळे लोक मला रस्त्यात अडवायचे. "साहेब, हे बियाणं खरं हाये का बोगस?"

आता मला काय कप्पाळ कळणार? पण 'मला माहीत नाही' हे वाक्य मी अख्ख्या नोकरीत वापरलं नव्हतं, ते रिटायर झाल्यावर कुठून आणू? मी दाणा चिमटीत धरायचो, उन्हात बघायचो, 'हं' म्हणायचो आणि निकाल द्यायचो. गावात माझा दबदबा होता तो असा.

तर एक दिवस रामटेके गुरुजी आले. आमचे शेजारी, शाळामास्तर म्हणून रिटायर झालेले. अंगणात उभे राहूनच म्हणाले, "साहेब, यवतमाळले एक डॉक्टरबाई म्हाताऱ्यांवर प्रयोग करून राह्यली. रोज ॲस्पिरिनची एक बारकी गोळी घ्याची. त्यानं कॅन्सर टळते का, ते पाहाचं हाये. मी नाव देतो. तुम्ही येता का?"

गुरुजींची बायको कॅन्सरनेच गेलेली. त्यांनी असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? शिवाय तपासणी फुकट!

डॉक्टरबाई वयाने माझ्या लेकीएवढी. तिने सगळं सावकाश समजावून सांगितलं. मी ऐकलं का? छे हो! ती प्रयोग समजावत होती आणि मी तिला बोंडअळी समजावत होतो. शेवटी ती दमली, मी सही केली आणि गोळ्यांची बाटली घेऊन घरी आलो.

आणि काय सांगू महाराज, गोळीचा गुण! पंधरा दिवसांत चालण्यात जोर, भुकेत जोर, बोलण्यात तर विचारूच नका. कोपऱ्यावरच्या हॉटेलात मी लोकांना ॲस्पिरिनवर व्याख्यानं द्यायला लागलो.

असंच एकदा व्याख्यान रंगात आलं असताना गुरुजी बशीत चहा ओतत शांतपणे म्हणाले, "पण साहेब, तुमच्या गोळीत ॲस्पिरिन हाये, हे तुम्हाले कोणं सांगितलं?"

"म्हणजे?"

"अर्ध्या लोकाइच्या गोळीत ॲस्पिरिन हाये. अर्ध्याइच्या गोळीत काहीच नाही. दिसाले दोन्ही सारख्या. बाईनं सांगतलं होतं ना."

"काहीच नाही? म्हणजे बोगस?"

सगळं हॉटेल माझ्याकडे बघायला लागलं. ज्याला गाव बियाणं दाखवतं, त्यालाच बोगस माल गळ्यात मारला? त्याच क्षणी माझ्या गुडघ्यात कळ आली. चालण्यातला जोर गेला. भूकही गेली, पण ती भजी संपल्यावर गेली, ते सोडा.

आता सोक्षमोक्ष लावायलाच हवा! मी पेपरात वाचलं होतं की ॲस्पिरिनने रक्त पातळ होतं, लवकर थांबत नाही. झालं! गुरुजींना धरून मी सुधाकरच्या सलूनमध्ये गेलो.

"सुधाकर, दाढी कर. आन जरासं काप."

त्याने वस्तरा खाली ठेवला. "साहेब, लोकं म्हणतात सांभाळून कर. तुम्ही म्हणता काप?"

"थोडंसंच रे. दोघांनाही. तपासणी आहे."

"माह्यं नाव घेऊ नका," गुरुजी खुर्चीत बसता बसता म्हणाले. "मी निस्ती दाढी कराले आलो."

पण सुधाकरचं सगळं लक्ष माझ्या बोलण्याकडेच होतं. गुरुजींच्या हनुवटीला लागलाच वस्तरा! आणि रक्त काही थांबेना. तुरटी लावली, कापूस दाबला, तरी लाल थेंब येतच राहिला. मी आनंदाने ओरडलो, "खरी! गुरुजी, तुमची खरी!"

"थोबाड बंद करा हो," गुरुजी कापसामागून म्हणाले.

मग माझी पाळी. मी डोळे मिटून गाल पुढे केला. सुधाकरने देवाचं नाव घेऊन इवलासा ओरखडा काढला. एक थेंब आला, आला तसा वाळला. संपलं. माझं बोगसपण भर सलूनमध्ये सिद्ध झालं!

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईने सगळ्यांना एकाच दिवशी बोलावलेलं. वणीपासून दारव्ह्यापर्यंतचे म्हातारे-म्हाताऱ्या जमलेले. सोबत आमची सौ. शोभाही होती, यवतमाळला साडी बदलून घ्यायची होती म्हणून. बाई काही बोलणार, इतक्यात मी उभा राहिलो. बाटली वर धरली.

"मित्रहो! वावरात बोगस बियाणं, आणि आता पोटात बोगस गोळी! आपल्यापैकी अर्ध्यांना फसवलंय! हा बघा बोगस माल!" आणि बाटली टेबलावर आपटली.

मग जो गोंधळ उडाला! एक आजी म्हणाली, "मी म्हणतच होती, माही कंबर दुखाची काहून थांबून नाही राह्यली." शेजारची म्हणाली, "माही तं खरी हाये बाप्पा, मले झोप लागते." "तुलेच कायले खरी?" दोघी हातघाईवर आल्या. कोणीतरी ओरडलं, "बाई, माही कोणती हाये ते सांगा!"

"काका, ते मलाही माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाली.

"तुम्हालेच माहीत नाही? मंग डॉक्टर कायच्या?" लोक उठायला लागले. चार जण दारापर्यंत गेलेही. अख्खा प्रयोग माझ्या एका भाषणाने मोडीत निघाला होता.

तेव्हा गुरुजी उठले. हनुवटीवरची खपली अजून होती.

"बसा सगळे," ते म्हणाले. आवाज मास्तरचा, लोक बसले. "माही बायको गेली तवा मले कोणी सांगू शकलं नाही का काय केलं असतं तं ते टळलं असतं. कोणालेच माहीत नव्हतं. कोणी खाली, रिकामी गोळी घेतल्याबिगर भरल्या गोळीचा गुण समजन कसा? माही खाली निघाली तरी मी रोज घेईन. ज्याले जाचं त्यानं जा."

कोणीही गेलं नाही. दारातले चौघे परत येऊन बसले.

डॉक्टरबाई माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही शेती खात्यात होतात ना? औषधाचा गुण कळावा म्हणून कपाशीची एक ओळ, एक तास, बिनफवारणीचा ठेवायचात की नाही?"

ठेवायचो की! उभं आयुष्य लोकांच्या वावरात बिनफवारणीचे तास ठेवले, शेतकरी कुरकुरला तर त्याला अडाणी म्हटलं, आणि स्वतः तसा तास व्हायची वेळ आली तर ही बोंबाबोंब! मी खाली बसलो. गुरुजींनी खिशातून बडीशेप काढून माझ्या हातावर ठेवली. रागावलेला माणूस बडीशेप देत नाही, तेवढाच दिलासा.

इथे सगळं संपलं असतं तरी मी पुन्हा बाभुळगावात तोंड दाखवू शकलो असतो. पण बाईने टेबलावरची बाटली उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "काका, ही बाटली आमची नाही."

"कशी नाही? रोज सकाळी फळीवरून काढून घेतो मी!"

"चष्मा लावून?"

आता चहाआधी चष्मा कोण लावतं?

शोभा पुढे आली, तिने बाटली बघितली आणि पदर तोंडाशी नेला. "अगं माय! हे तं पिंकीचं होमिओपॅथीचं औषध! उन्हाळ्यात आलती, तवा आमच्या फळीवरच विसरून गेली. तुमच्या गोळ्या मी कपाटात दागिन्याइपाशी ठेवल्या, कुलपात. तुम्हीच म्हणाले, लाखमोलाच्या हायेत. मले वाटलं, तुम्ही किल्ली घेऊन रोज काढता!"

"पिंकी कोण?" बाईने विचारलं.

"आमची नात. पाच वर्साची हाये."

"आणि औषध कशाचं?"

शोभाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी हात जोडले. पण सभा कान टवकारून बसलेली, आणि आमची शोभा खरं बोलण्यासाठी प्रसिद्ध.

"अंथरूण ओलं करते ती, त्याचं," ती म्हणाली, आणि मग जरा पुढे वाकून, कौतुकाने, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "पण एक सांगू का बाई? बोगस म्हणू नका त्या औषधाले. आमच्या यांले चांगला गुण आला!"