सोसायटीचा पंप आणि माझा कान

नौपाड्यातली आमची सोसायटी जुनी. काही घुमतंय असं वाटलं की संशय आधी पंपावर जातो. माझाही गेला. गेल्या वर्षी मला दिवसभर एक बारीक, सलग आवाज ऐकू यायला लागला. फ्रिज बंद करून पाहिला, भिंतींना कान लावले आणि शेवटी सेक्रेटरींकडे लेखी तक्रार दिली.

सेक्रेटरी मूळचे कोपरीचे, वडिलांची मिठागरं होती, माणूस शांत. ऐन पाण्याच्या वेळेला त्यांनी माझ्यासाठी पंप बंद केला. वरच्या मजल्यांवरून विचारणा सुरू झाली. आम्ही दोघं पंपापाशी उभे. त्यांनी मला पुरता वेळ दिला आणि मग म्हणाले, "काका, पंप बंद आहे. आता जो वाजतोय ना, तो तुमचा."

कानाच्या डॉक्टरांनीही वेगळं काही सांगितलं नाही. धोका नाही, पण आवाज जाईलच असंही नाही, सवय करा. मला भयंकर राग आला. सवय काय, नव्या चपलेची करायची असते.

तो राग निघाला बायकोवर. ती लग्नाआधीपासून रोज सकाळी तंबोऱ्यावर रियाज करते. आता तंबोरा सुरू झाला की माझ्या कानातला आवाज जास्तच टोचायचा. एकदा मी ओरडलो, "बंद कर ते." दुसऱ्या दिवशी तंबोऱ्यावर खोळ चढलेली. आठवडाभर घरात सकाळच झाली नाही. मला स्वतःची लाज वाटली.

मग वाटलं, हा आवाज जाणार नसेल तर निदान आहे कोण ते तरी कळू दे. माळ्यावरची पेटी काढली आणि एकेक सूर दाबत कानातल्या आवाजाशी ताडून पाहू लागलो. बायको आधी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, मग शेजारी येऊन बसली. मी गुणगुणून दाखवायचो, ती शोधायची. जरा वर, नाही, जरा खाली. तासभर आम्ही हाच उद्योग केला. तो पेटीवर सापडलाच नाही. दोन सुरांच्या मधे कुठेतरी बसला होता. आम्हाला हसू आलं.

"मी तंबोऱ्याचा सूर थोडा उतरवू का?" तिने विचारलं. "म्हणजे तुम्हाला टोचणार नाही."

"नको. तू तुझ्याच सुरात गा. याचं मी बघतो."

तिने खोळ काढली. पहिल्या दिवशी टोचलंच. मी मेथी निवडत बसलो आणि नेमकं कुठे टोचतंय ते ऐकत राहिलो. झोप कमी झाली की तो चढतो, सर्दी झाली की जाड होतो, हे हळूहळू कळलं. आता सकाळी उठल्यावर आज कसा आहे, ते बघायची उत्सुकताच असते.

काल गाता गाता ती मधेच थांबली. "अजून वाजतंय?"

मी कान देऊन ऐकलं. होता तो, होता तिथेच.

"वाजतंय," मी म्हणालो. "पण तू का थांबलीस?"