मायच्या गोंदणाला जपानात अडवलं

विमान नागपूरहून उठलं तशी मायने खिडकीला नाक लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे सारी पराटीच हाय काय वं?" पराटी म्हणजे आमची कपाशी. तिला जगाच्या पाठीवर कुठेही न्या, ती आधी वावर पाहणार आणि मग माणसं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. अळीने बोंडं पोखरली होती, आणि आमच्या बाभुळगावकडे कोणाच्या घरातून मोठ्याने हसू ऐकू आलं तरी शेजारी डोकावून पाहायचे. अशात माझ्या धाकट्या भावाने, विनोदने, आमची दोघींची तिकिटं पाठवली. तो जपानात नागोया शहरात इंजिनियर आहे. मायला डोंगरातल्या ऊन पाण्याच्या झऱ्यावर नेतो, सांधे मोकळे होतील, एवढंच त्याचं म्हणणं. जन्मभर कापूस वेचून आणि ओझी वाहून तिचा उजवा खांदा असा धरला होता की हात कानाच्या वर जात नव्हता. मी शाळेत शिकवायला जाण्याआधी रोज तिचा अंबाडा बांधायचे, आणि ती रोज ओरडायची, "हळू ओढ वं, केस हायेत, सुंभ नाई!"

जायचं ठरलं तशी ती अडून बसली. "लोकं काय म्हनतीन? कापूस बुडाला अन् बुढी उडाली!"

"म्हनू दे," मी म्हटलं. "लोकं येतात काय तुहा अंबाडा बांधाले?"

कापसाचा शेवटचा वेचा घरात आला, होळी झाली, आणि आम्ही निघालो.

विनोदबरोबर नागोयाहून बसने डोंगर चढताना चैत्र सुरू असूनही रस्त्याच्या कडेला बर्फ होता. जिनिंगच्या आवारात मळका कापूस पडून राहतो तसे त्याचे ढीग दिसत होते. खाली खोल दरीत हिरवी नदी आणि वर देवदाराची काळी गर्दी. प्रत्येक वळणावर मी समोरची सीट घट्ट धरत होते. माय मात्र मजेत जवसाची चटणी आणि दशमी खात होती, आणि शेजारच्या अनोळखी बाईंनाही तिने एक तुकडा खाऊ घातला.

आमचा मुक्काम होता तो र्‍योकान (जुन्या पद्धतीची लाकडी सराई) दरीच्या काठावर उभा होता. दारातच चपला काढायला लावल्या, तेव्हा मायने पसंतीची मान हलवली. "चांगल्या घरचे लोकं दिसतात." ओकामी (सराईची मालकीण) किमोनो नेसून गुडघ्यांवर बसली आणि तिने वाकून नमस्कार केला. मायही वाकली. ही वाकली म्हणून ती पुन्हा वाकली, ती वाकली म्हणून ही. शेवटी विनोदनेच मध्ये पडून दोघींना थांबवलं. खोलीत जमिनीवर गवताच्या चटया, आणि फिरायला युकाता (सुती झगा). माझी फजिती लगेच झाली. तिथे संडासाच्या सपाता वेगळ्या असतात. मी त्याच घालून थेट जेवणघरापर्यंत गेले आणि एक वाढपीण तोंडावर हात धरून माझ्यामागे धावत आली. मायला त्याचा फार आनंद झाला. मास्तरीण आहे ना मी.

मग आली अंघोळ. ओनसेनमध्ये (ऊन झऱ्याच्या कुंडात) अंगावर सूतभर कपडा चालत नाही, हे विनोदने मला सांगितलं होतं. मायला सांगायचं काम अर्थात माझं.

"काहून? आपल्या उनकेश्वरच्या ऊन झऱ्यात तं लुगडं नेसून बुडी मारतात!"

"इथं रीत तशी हाय. अन् आत साऱ्या बायाच हायेत."

"बायाच तं पाहातात वं. मान्साईले काय दिसते?"

मग ती खांदा दाबत उठली. "पोरानं येवढ्या दूर आनलं. आता पान्याले पाठ दाखवू काय?"

लाल पडद्याआडच्या कपडे बदलायच्या खोलीत तिने लुगडं सोडलं, हातभर पंचा पुढे धरला आणि ताठ उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे: तुळस, विंचू, फुल्यांच्या ओळी. टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या मुलीने ते पाहिलं आणि ती पळतच गेली. परत आली ती ओकामीला घेऊन. ओकामीने कमरेत वाकून भिंतीवरची पाटी दाखवली. पाटीवर गोंदलेला हात होता आणि त्याच्यावर लाल काट.

विनोदला बोलावणं गेलं. तो आत येऊ शकत नव्हता. पडद्याबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि तिथूनच दुभाषेपण करू लागला.

"ताई, इथं गोंदलेल्याले पान्यात उतरू देत नाईत. गुंडाच्या टोळ्या अंगभर गोंदतात, म्हनून नियम हाय. माह्या ध्यानातच नाई आलं."

मी मायला सांगितलं. तिचा चेहरा उतरला, आणि मला इतका राग आला की ती पाटी उपटून दरीत फेकावीशी वाटली. ओकामीलाही वाईट वाटत असावं. तिने गोंदण झाकायला कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या आणल्या. मायने त्या हातात घेतल्या, उलटसुलट पाहिल्या आणि परत दिल्या.

"झाकाले हे काय खरूज हाय? सांग रे तिले. मी येवढीशी होती तवा माह्या मायनं केळापूरच्या जत्रेत गोंदवलं. सोनं चोर नेते, वावर भाऊबंद नेते. मेल्यावर संग येते ते हेच. हे झाकून मले पानी नाई पायजे. चाल शोभे, आपलं उनकेश्वर बरं."

तिने परत नेसायला लुगडं उचललं. एका रात्रीचा तर मुक्काम. एवढा प्रवास, एवढी समजूत, आणि तो खांदा तसाच परत न्यायचा! विनोद बाहेर अडखळत तिचं बोलणं जपानीत सांगत होता, आणि त्याचा आवाज रडवेला झाला होता.

तेवढ्यात आतला काचेचा दरवाजा सरकला. वाफेतून एक ठेंगणी म्हातारी बाहेर आली, डोक्यावर पंचाची घडी. बहुधा सगळं ऐकलं असावं. ती सरळ मायजवळ आली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि विंचवावरून बोट फिरवलं. मग ती हळू आवाजात कितीतरी वेळ बोलली. पडद्याबाहेर विनोद तिला एकेक शब्द परत विचारत होता.

"अरे सांग ना!" मी ओरडले.

"ताई, ही आजी ओकिनावाची हाय, पार दक्षिणेकडच्या बेटावरची. तिच्या आजीच्या दोन्ही हातावर असंच गोंदण होतं. मंग सरकारनं बंदी केली. पाहुने आले का आजी हात बाहीत लपवे. पन म्हने, हातावर हे नसलं तं मेल्यावर पलीकडं आपले लोकं घेत नाईत."

मायने माझ्या पाठीत धपाटाच घातला. "पाह्य! पाह्य! हेच तं मी म्हनून राह्यली!"

म्हातारीने मायचा हात न सोडता ओकामीला एकच वाक्य ऐकवलं. विनोद बाहेरून म्हणाला, "ती म्हनते, हे बाहेर तं मीबी बाहेर."

ओकामीने दोघींकडे पाहिलं. एक गोरी, एक सावळी, दोघी उघड्या, दोघी हट्टी. ती जमिनीवर बसली, कपाळ टेकेपर्यंत वाकली, मग उठून तिने ती पाटी खुंटीवरून काढली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली.

बाजेच्या पायाएवढ्या बुटक्या स्टुलावर बसून आधी साबणाने अंग धुवायचं, मग कुंडात उतरायचं. हे मायला पटलं. काळ्या खडकांचं उघडं कुंड, समोर बर्फाचा डोंगर. पहिलं पाऊल पाण्यात पडताच माय "हर गंगे!" म्हणून अशी गरजली की कुंडातल्या बाकीच्या बायका दचकल्या, आणि मग हसू लागल्या. दोघी म्हाताऱ्या गळ्यापर्यंत बुडून शेजारी बसल्या. मायचे गोंदलेले हात खडकावर सगळ्यांना दिसतील असे पसरलेले. "खांदा गप बसला वं," ती म्हणाली. मी रडले. वाफेमुळे कोणाला दिसलं नाही, हे बरं झालं.

मग त्या आजीने माझे कोरे हात पाहिले आणि भुवया उंचावल्या. मायला भाषा कळायची गरज नव्हती. "हे सुईले भेली," तिने खुणांनी सांगितलं. "पळून गेलती."

जेवणात लहान लहान वाट्या मांडल्या होत्या: डोंगरातल्या भाज्या, भात, आणि सोयाबीनचं पनीर, सोयाबीनचं सार, सोयाबीनचीच चटणी. "आपन बजारात नेऊन ओततो अन् हे असं खातात व्हय!" म्हणत मायने पनीरवर जवसाची चटणी भुरभुरली आणि ओकामीलाही चाखवली. ओकामीने दुसऱ्यांदा मागून घेतली.

सकाळी मी जागी झाले तेव्हा माय खिडकीशी बसली होती. हात डोक्यामागे. तिने स्वतःचा अंबाडा स्वतः बांधला होता, वाकडा, पण बांधला होता. "पाहून राह्यली काय? आता तुही वेनी घालतो, इकडं सरक," ती म्हणाली, आणि तिने माझे केस असे ओढले की मागची सगळी उट्टी निघाली.

घरी आल्यावर पावसाळ्यात खांदा पुन्हा धरला. अंबाडा परत माझ्याकडे आला. कापसाचं त्या वर्षीही भलं झालं नाही. त्या दिवसांत आमच्याकडे जो तो मान खाली घालून चालायचा, कोणी काही केलेलं नसताना. पण माय ताठ चालायची. आपण खरे असलो तर पाटीसुद्धा भिंतीकडे तोंड करते, हे तिने पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं.

म्हणून नवरात्रात केळापूरच्या जत्रेत मी गोंदणाऱ्याच्या मशीनपुढे जाऊन बसले आणि हात पुढे केला.

"नाव काढू का ताई?" त्याने विचारलं.

"विंचू काढ," माय म्हणाली. "माह्यासारखा."

सुई टोचली तशी मी कळवळले. मायने माझा दुसरा हात घट्ट धरला. "आता तिकडं तुलेबी अडवतीन वं."

"अडवू दे," मी म्हटलं, आणि हात काही मागे घेतला नाही.