डॅशबोर्डवरच्या फुलदाणीचं वय

"ही जर्मन नाही," असं मी फुलदाणीचं बूड वर करून भर अंगणात जाहीर केलं, आणि कोणी विचारलेलं नसताना "शंभर टक्के नाही" अशी पुस्तीही जोडली. मी आजवर केलेल्या चुकीच्या विधानांची यादी बायकोच्या तोंडपाठ आहे. त्यात हे विधान बरंच वरच्या नंबरावर येतं.

अंगण होतं धरणगावच्या एका शेठांचं. कुटुंब मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या इथल्याच पाण्यावर वाढलेल्या. कापसाचा व्यापार, घराच्याच आवारात स्वतःची जिनिंग फॅक्टरी. त्यांचा धाकटा मुलगा जळगावला मावशीकडे राहून आमच्या शाळेत शिकला आणि मी त्याचा भूगोलाचा मास्तर. एवढ्या भांडवलावर मला त्यांच्याकडे दर सणाला जेवायचं आमंत्रण असे.

शेठांकडे एक जर्मन गाडी होती. कासवासारखी पाठ, इंजिन मागं, डिकी पुढं. यंत्रं उभारायला मुंबईला आलेल्या कुणा जर्मन इंजिनिअरनं ती मायदेशाहून आणली होती, आणि परत जाताना शेठांना देऊन टाकली. तिचं स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे ड्रायव्हर डाव्या बाजूला बसे आणि शेठ ऐटीत उजव्या. नवखा पोलीस असला की गाडीला हात करून सरळ शेठांच्या खिडकीशी येई आणि लायसन मागे. शेठ म्हणत, "अरे बाबा, माझ्या हातात पानाचा डबा आहे, स्टिअरिंग दिसतंय का?"

या गाडीचा खरा थाट मात्र आत होता. डॅशबोर्डला चिमट्यात बसवलेली, वीतभर उंचीची चिनी मातीची पांढरी फुलदाणी. पाठ सपाट, कडेला निळी रेघ. जर्मन लोक गाडीत फुलं ठेवतात, ही गोष्ट धरणगावच्या पचनी पडायला वेळ लागला. शेठांचे मुनीम पहिल्याच प्रवासात तिला पिकदाणी समजले होते म्हणतात. ड्रायव्हर आबांनी तेव्हा जी नजर टाकली, तिच्यामुळे मुनिमांनी पुढे कायमचं पान सोडलं.

आबा म्हणजे जवळच्याच खेड्यातले, बोलणं अहिराणी. गाडी आली त्या दिवसापासून, पंधरा वर्षं, ती त्यांच्याच हातात. रोज सकाळी घरून फूल आणत. उन्हाळ्यात मोगरा, एरवी झेंडू नाहीतर कण्हेर. फुलाशिवाय गाडी गेटाबाहेर जात नसे.

आता माझ्या जर्मनचं सांगतो. मला तिकिटं जमवायचा नाद होता, आणि पत्रांमधून एका जर्मन माणसाशी तिकिटांची अदलाबदल चाले. त्यापायी मी एक जुना शब्दकोश घेतला होता. मला जर्मनमधून 'शुभ सकाळ' आणि 'आज हवा छान आहे' एवढं म्हणता येई. 'आज हवा छान आहे' हे वाक्य जळगावात वर्षातून दोन महिनेच कामाला येतं. पण धरणगावात बातमी पसरली होती की मास्तर जर्मन जाणतात. मी "छे छे, थोडंफार" म्हणत असे, ते अशा आवाजात की ऐकणाऱ्याची खात्रीच पटावी.

त्या रविवारी शेठांचे व्याही धुळ्याहून मुक्कामाला आले होते. त्यांच्याकडेही तसलीच गाडी, फक्त बिनफुलदाणीची. त्यामुळे शेठांची फुलदाणी त्यांना सारखी खुपत होती.

"आमच्या गाडीत असलं काही नाही," ते म्हणाले. "ही मुंबईच्या बाजारातली असणार. कोणी तरी नंतर लावली."

"नंतर कशी? गाडीबरोबर आली ती! साहेबानं माझ्या देखत पाणी ओतलं तिच्यात!" शेठ तापले. "आपले मास्तर आहेत ना इथं. मास्तर, तुम्ही सांगा."

आबांनी फुलदाणी चिमट्यातून अलगद काढली, पंच्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. मी चष्मा सारखा केला, ती उलटी धरली. बुडाला हिरव्या शाईत एक मुकुट आणि त्याखाली एकच शब्द: बव्हेरिया. आता, मी भूगोल शिकवत असे, पण पाठ्यपुस्तकातला. त्यात युरोपला साडेचार पानं होती आणि त्यांपैकी दीड पान गव्हाचं. बव्हेरिया हा देश पूर्वेकडे कुठंतरी, डोंगराळ भागात असावा असं मला आतून वाटलं. आतून वाटलेलं मी बाहेर सांगितलं.

व्याही मांडीवर थाप मारून हसले. शेठांचा चेहरा पडला. इथवर सगळा गमतीचा मामला होता. पण शेठ सावकाश आबांकडे वळले.

"आबा, गाडीची गादी शिवायला टाकली होती, तेव्हा ही आठ दिवस तुमच्या घरी होती ना?"

"व्हती," आबा म्हणाले.

"मग खरी कुठं गेली?"

मी फुलदाणी हातात धरून उभा, जणू चोरीचा माल माझ्याकडेच सापडलाय. आबांनी खिशातून किल्ली काढली, बॉनेटवर ठेवली, टोपी नीट केली.

"चाबी धरा, शेठ. गाडी धोयेल शे," किल्ली घ्या, गाडी धुतलेली आहे, एवढं म्हणून ते गेटातून चालत निघून गेले.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं मी जळगावला परतलो. घरी आल्यावर ही हकीकत मी रंगवून सांगितली. म्हणजे आबांचा भाग थोडक्यात आणि माझं संशोधन विस्तारानं. बायको तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "बव्हेरिया कुठं आलं?"

"तिकडं, पूर्वेला."

"दाखवा की."

मी ऐटीत नकाशांचं पुस्तक काढलं. पूर्वेला शोधलं, उत्तरेला शोधलं. समुद्रातही एक नजर टाकली. शेवटी सापडलं ते जर्मनीच्या पोटात, खालच्या बाजूला, चांगल्या ठसठशीत अक्षरांत. खान्देश महाराष्ट्रात आहे, तसं.

"सापडलं?" तिनं विचारलं.

मी पुस्तक मिटलं. आबांनी बॉनेटवर ठेवलेल्या किल्लीचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आला. पंधरा वर्षं इमानानं राबलेल्या माणसाला मी एका शब्दावरून चोर केला होता, आणि तोही शब्द बरोबर असताना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, नकाशांचं पुस्तक काखेत मारलं आणि आधी आबांचं घर गाठलं. ते अंगणात मोगऱ्याच्या आळ्याला पाणी घालत होते. मी चूक सांगितली, पान उघडून दाखवलं. आबांनी नकाशा बघितला, ओला हात धोतराला पुसला.

"बसा मास्तर. च्या पिशात का?"

"आबा, चहा राहू द्या. चला, शेठांकडे जाऊ. मी सगळ्यांसमोर सांगतो."

"काय सांगशात? जर्मननी शे, हाई ते सांगशात. पन गाडीसंगे उनी व्हती तीच हाई शे, हे कोन सांगी?"

मुद्दा बिनतोड होता. जर्मन फुलदाणी मुंबईत विकत मिळू शकते. एक विकून दुसरी, कमी दर्जाची आणली, असं म्हणणारा म्हणणारच. फुलदाणी कुठली, हे कळलं होतं. ती त्या गाडीत केव्हापासून आहे, हे कोणी सांगायचं?

आबांनी चहा पुढं केला आणि माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. उजवा हात गव्हाळ. डावा मात्र कोपरापासून बोटांपर्यंत काळाकुट्ट, जणू दुसऱ्याच माणसाचा. पंधरा वर्षं डाव्या खिडकीवर टेकलेला तो हात आणि आमचं इकडचं ऊन! बाहीच्या आत जिथं ऊन पोचलं नव्हतं, तिथं दोन्ही हात सारखे होते. मी कप खाली ठेवला.

"आबा, गाडी कुठं उभी असते?"

"फॅक्टरीना आंगनमा. तठे सावली कोठे शे?"

चहा अर्धा टाकून मी निघालो. आबा आले नाहीत. "शेठ बलावतीन तं ईसू," म्हणाले. बोलावलं तर येईन. मानी माणूस.

शेठ आणि व्याही ओसरीवर होते. मी आधी नकाशा उघडून माझं अज्ञान जाहीर केलं. व्याह्यांना तो कार्यक्रम फारच आवडला. "मुलांना काय शिकवता हो तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गहू." मग मुनिमांकडून पेचकस मागून घेतला आणि गाडीत शिरलो.

डॅशबोर्ड पत्र्याचा होता, गाडीच्याच रंगाचा. म्हणजे एके काळी. उन्हानं तो ताकासारखा पांढुरका पडला होता. त्यावर शेठांनी वेळोवेळी दोन वस्तू लावल्या होत्या. एक छोटा पंखा आणि एक चांदीचा गणपती.

"शेठ, पंखा कधी लावला?"

"तीन वर्षं झाली."

मी पंख्याचे स्क्रू काढले. खाली रंग थोडा निळसर, नीट पाहिलं तरच कळेल असा.

"गणपती?"

"थोरला नातू झाला तेव्हा. आता तो तिसरीत आहे."

गणपतीला नमस्कार करून त्यालाही काढलं. खाली चांगला निळा डाग, गणपतीच्याच आकाराचा, कानांसकट. व्याही हसायचे थांबले आणि खिडकीतून आत वाकले.

मग मी फुलदाणीचा चिमटा काढला. खाली पारव्याच्या मानेसारखा गडद, चकचकीत निळा रंग. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा. आणि नुसत्या चिमट्याचाच डाग नव्हता. फुलदाणीच्या सपाट पाठीची अख्खी आकृती तिथं उमटली होती. वर रुंद, खाली निमुळती, बुडाशी एका बाजूला किंचित तिरकी, भट्टीतच वाकली असावी तशी. मी फुलदाणी उचलून त्या आकृतीवर टेकवली. तिरक्या बाजूसह तंतोतंत बसली. दुसरी कुठली फुलदाणी मध्येच आली असती, तर तिची आकृती वेगळी दिसली असती.

शेठांनी तिन्ही डागांवरून बोट फिरवलं. पंखा, गणपती, फुलदाणी. पुन्हा एकदा फिरवलं. मग फुलदाणी उपरण्यात गुंडाळली आणि जोडे पायात सरकवले.

"कुठं निघालात? गाडी—" व्याही म्हणाले.

"गाडी चालवणार कोण?" शेठ म्हणाले. खरंच होतं. त्या घरात दुसऱ्या कोणाला गाडी येत नव्हती, आणि व्याह्यांचा ड्रायव्हर गाडीसह धुळ्याला होता.

दीड मैल रस्ता, टळटळीत ऊन. शेठ पुढं, मागं मी, आणि माझ्या मागं घाईत अनवाणीच निघालेले व्याही, "अहो, मी आपलं सहज बोललो होतो" असं दर शंभर पावलांवर म्हणत. आबांच्या अंगणात शेठ थांबले. घाम पुसला.

"आबा," ते म्हणाले, "चूक झाली माझी. किल्ली मी बॉनेटवरच राहू दिलीय. उचलणारा यायला पाहिजे."

आबांनी उपरणं सोडलं, फुलदाणी उजेडात फिरवून कुठं टवका उडाला नाही ना ते पाहिलं. मग मोगऱ्याजवळ गेले, दोन कळ्या खुडल्या आणि टोपी घातली. व्याह्यांकडे वळून एवढंच म्हणाले, "तुमना पाय भाजतीन. सावलीथीन चाला."

घरी आलो तो मी जवळजवळ तरंगतच. पंखा, गणपती, ऊन, तीन निळे रंग, सगळं बायकोला सांगितलं. एखादा पुरातत्त्वखात्याचा मोठा अधिकारीही याहून वेगळं काय करतो, असंही सुचवून पाहिलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ताट वाढलं, आणि मग म्हणाली, "फार हुशार आहात हो. पंधरा वर्षं गाडी सांभाळणारा माणूस समोर उभा होता, आणि तुम्ही सगळे भांड्याचं बूड वाचत बसलात!"